ओल्या मातीतली तहान

आमच्याकडे पिकाच्या बहुतेक रोगांची नावं त्यांच्या दिसण्यावरून पडली आहेत. पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं की भुरी. गंज चढावा तसे ठिपके उठले की तांबेरा. पानं भाजल्यासारखी झाली की करपा. एका रोगाचं नाव मात्र त्याच्या शेवटावरून पडलंय. मर. त्याच्यापुढे 'रोग' हा शब्दही फारसा कोणी लावत नाही. 'मर लागली' एवढं म्हटलं की बांधावरच्या माणसाला सगळं कळतं आणि तो पुढचं विचारत नाही.

लहानपणी हा शब्द मी तुरीच्या बाबतीत ऐकला होता. फुलांच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं शेत यवतच्या पुढे, दौंड तालुक्यात. त्या वर्षी आबांनी वीस गुंठे अ‍ॅस्टर केला होता, निम्मा पांढरा, निम्मा जांभळा. जूनमध्ये गादीवाफ्यावर बी टाकलं, जुलैच्या मध्याला सरीवर लावण झाली आणि नवरात्रातली पहिली तोडणी गुलटेकडीच्या फुलबाजारात न्यायची असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. अ‍ॅस्टरचं गणित सणावर चालतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची जुडी आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली जुडी, फूल तेच असतं, पैसा वेगळा असतो.

गौरी-गणपती उरकले आणि भाद्रपदाचं ऊन सुरू झालं. पाऊस थांबलेला, माती आतून ओली, वरून ऊन रटरटतंय. आईच्या सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. "पाटाच्या तोंडाशी ती चार झाडं दुपारची मान टाकतात गं," ती म्हणाली, "सांजच्याला बघावं तर परत ताठ." आबांनी पायाच्या अंगठ्याने सरीतली माती उकरून पाहिली. चांगली ओल होती. तरी ते म्हणाले, "एक पाणी देऊन बघू."

आम्ही पाणी दिलं. दारं धरायला मीच उभी होते. खोऱ्याने माती ओढून पाट त्या सरीत वळवला आणि त्या चार झाडांच्या बुडाशी पाणी थोडा वेळ थांबवून धरलं, तहानलेल्याला ओंजळ भरून द्यावी तसं. मग ते पाणी तसंच पुढे सरीत सोडलं.

आठवड्याभरात मला त्या झाडांवर एक विचित्र गोष्ट दिसली. झाडाची एकच बाजू पिवळी पडली होती. डावीकडच्या फांद्यांची पानं फिकट, लोंबलेली. उजवीकडची हिरवीगार, कळ्यांनी भरलेली. एका झाडावर तर एकाच पानाच्या मधल्या शिरेच्या अलीकडे पिवळं आणि पलीकडे हिरवं होतं. भावाभावांत वाटणी होताना जमिनीतून दोरी टाकतात तशी कोणीतरी त्या झाडाच्या मधोमध दोरी टाकली होती. पुढच्या आठवड्यात उजवी बाजूही गेली. आणि त्याच सरीत, पाणी जिकडे वाहत गेलं होतं तिकडे, पुढची झाडं दुपारी मान टाकायला लागली.

आबांनी आणखी पाणी दिलं. कोणीही तेच केलं असतं. कोमेजलेलं झाड दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. ही सवय इतकी जुनी आणि इतकी मायेची आहे की तिच्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही.

सुट्टी संपवून परत जाताना मी एक झाड मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळून कॉलेजला नेलं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी ते टेबलावर आडवं ठेवलं, मुळं पाण्याखाली हलक्या हाताने धुतली आणि नव्या ब्लेडने खोड जमिनीपासून वितभर वर आडवं कापलं. मी अजून ते कापलेलं तोंड विसरलेले नाही. मध्ये भेंड पांढरं शुभ्र, बाहेर साल हिरवी, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी ठिपक्यांचं एक कडं. पूर्ण नव्हतं ते, तुटलेल्या बांगडीसारखं अर्ध्याहून थोडं अधिक. त्यांनी दुसरा तुकडा उभा चिरला. सालीच्या आत, तळापासून वरपर्यंत, चहाच्या डागाच्या रंगाची रेघ चढत गेली होती. खोड बाहेरून निरोगी दिसत होतं. एक ओरखडाही नव्हता.

मग त्यांनी एक तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवून धरला आणि आम्हाला थांबून बघायला सांगितलं. मर जिवाणूमुळे असेल तर कापलेल्या तोंडातून पाण्यात दुधट धागा उतरताना दिसतो. आमच्या ग्लासात काही उतरलं नाही. पाणी निवळशंख राहिलं. "बुरशी," त्या म्हणाल्या. बटाट्याचा काढा, साखर आणि अगर घालून तयार केलेल्या बशीत त्या तपकिरी भागाचे बारीक तुकडे ठेवले. पाच-सहा दिवसांत कापसासारखी पांढरी वाढ आली, तळातून बघितलं तर किंचित जांभळट झाक. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाढीत दोन प्रकारचे बीजाणू होते. लहान, लांबट, तांदळाच्या कणीसारखे, आणि त्यांच्यात मधूनच एखादा मोठा, विळ्याच्या पात्यासारखा वाकलेला. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम.

हे एकाच बुरशीचं नाव असलं तरी तिच्यात अनेक घराणी आहेत. हरभऱ्यावरची वेगळी, केळीवरची वेगळी, कपाशीवरची वेगळी. एका पिकाची बुरशी शेजारच्या दुसऱ्या पिकाला सहसा मारत नाही. अमेरिकेतल्या स्नायडर आणि हॅन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये या घराण्यांना पिकांवरून नावं द्यायची पद्धत रूढ केली. कार्नेशनवरची 'डायन्थाय', शेवंतीवरची 'क्रिसॅन्थेमाय', आणि आमच्या अ‍ॅस्टरवरची 'कॅलिस्टेफाय'. कॅलिस्टेफस हे अ‍ॅस्टरचं शास्त्रीय नाव, ग्रीक भाषेत 'सुंदर मुकुट'. नाव वाचलं आणि मला आमच्या पाटाच्या तोंडाशी मान खाली घालून उभी असलेली ती झाडं आठवली.

पण मला बुरशीच्या नावापेक्षा एक प्रश्न जास्त छळत होता. माती ओली होती. मग झाड तहानेने का मेलं?

याचं उत्तर झाडात पाणी वर कसं चढतं यात आहे. झाडाला पंप नाही. जलवाहिन्या म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशींच्या नळ्या, आणि त्या पेशी मेलेल्या असतात. आतला जीव संपवून, फक्त भिंती शिल्लक ठेवून त्या नळ्या होतात. पानांवरच्या बारीक रंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या जागी खालचं पाणी ओढलं जातं. पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापासून पानापर्यंत ताणलेल्या दोरीसारखा तो अखंड धागा वर सरकत राहतो. हा विचार डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडला. झाड ओढून घेतं त्यातलं शेकडा ९५ हून जास्त पाणी पानांवाटे हवेत जातं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे सगळी वढ वरून हाय." त्यापेक्षा चांगल्या शब्दांत मला ते अजून सांगता आलेलं नाही.

आता बुरशी. मातीत ती जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात झोपून असते. पीक नसलं तरी वर्षानुवर्षं. रोपाच्या कोवळ्या मुळातून साखर आणि आम्लं पाझरतात आणि त्या पाझराने ती जागी होते. मुळाच्या टोकाशी, उपमुळं फुटताना पडणाऱ्या बारीक फटींशी, खुरपणीत किंवा सूत्रकृमींमुळे झालेल्या जखमेशी ती आत शिरते. पेशींच्या थरांतून वाट काढत जलवाहिनीत पोचते. तिथे पोचल्यावर तिला फार कष्ट पडत नाहीत. ती बारीक बीजाणू तयार करून पाण्याच्या प्रवाहात सोडते आणि ती वरची ओढच त्यांना वर नेते. नळीच्या सांध्यावर, जाळी असते तिथे, बीजाणू अडकतात. तिथेच रुजतात, जाळीतून पलीकडे तंतू घालतात, पलीकडे नवे बीजाणू सोडतात. एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर. आम्ही दुपारी झाडाला पाणी पाजत होतो तेव्हा आत हे चाललं होतं.

झाड हे सगळं मुकाट्याने सोसत नाही. ते लढतं, आणि मला या रोगातलं सगळ्यात हेलावून टाकणारं वाटतं ते हेच. जलवाहिनी मेलेली असली तरी तिच्या भोवती जिवंत पेशी असतात. बुरशीची चाहूल लागली की त्या नळीच्या भिंतीतल्या छोट्या खिडक्यांतून फुग्यासारख्या आत फुगतात आणि नळीचं तोंड बुजवतात. याला टायलोसिस म्हणतात. काही झाडं त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात. फिनॉलसारखी कडू द्रव्यं साठतात, ती हवेशी भिडून तपकिरी होतात. ब्लेडने कापल्यावर दिसलेलं ते तुटक्या बांगडीसारखं कडं झाडाच्याच हातचं होतं. शत्रू पुढे जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचा रस्ता चिणून टाकला होता.

शत्रू बुजवलेल्या जागेच्या मागे असेल तर झाड वाचतं. तो आधीच पुढे गेलेला असेल तर झाड त्याच्या मागे मागे एकेक नळी बुजवत जातं आणि पाणी फक्त झाडाचंच तुटतं.

नळी थोडी चोंदली तर काय एवढं, असं मलाही वाटायचं. पण नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. ठिबकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. लॅटरलमध्ये क्षाराचा पातळ थर बसला की शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही, मोटार कितीही जोरात चालू असली तरी. म्हणूनच सुरुवातीला झाड संध्याकाळी परत ताठ व्हायचं. रात्री रंध्रं मिटलेली, मागणी नाही, उरलेल्या थोड्या नळ्यांमधून रात्रभर थेंब थेंब भरून निघायचं. दुपारी मागणी शिगेला पोचली की तेवढ्यावर भागायचं नाही. आईने जे पाहिलं होतं ते या रोगाचं पहिलं अक्षर होतं. ते वाचता आलं असतं तर.

मॅडमनी पुढच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग केला. मी गावाहून पांढऱ्या अ‍ॅस्टरच्या दोन फांद्या आणल्या होत्या, एक निरोगी झाडाची, एक अर्ध्या पिवळ्या झाडाची. दोन्ही लाल शाईच्या पाण्यात ठेवल्या. दोन तासांत निरोगी फुलाच्या पाकळ्यांच्या कडांवर गोल फिरून गुलाबी रंग चढला. दुसऱ्या फुलात रंग एका बाजूलाच आला. अर्धं फूल गुलाबी, अर्धं कागदासारखं पांढरं. वर्गातली एक मुलगी "किती छान दिसतंय" म्हणाली. आणि खरंच ते छान दिसत होतं.

वनस्पतिशास्त्रात या रोगावर एक मोठा वाद होऊन गेला. स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट गॉयमान यांचं म्हणणं होतं की झाड विषाने मरतं, बुरशी जी द्रव्यं सोडते त्यांनी. अमेरिकेत कनेक्टिकटला अल्बर्ट डायमंड म्हणत होते की नळ्या तुंबतात आणि झाड पाण्यावाचून मरतं. विषातलं मुख्य नाव फ्युजॅरिक आम्ल, जपानमध्ये १९३४ मध्ये यबुता यांनी पहिल्यांदा वेगळं काढलेलं. डायमंड आणि वॅगनर यांनी १९५३ मध्ये एक कसोटी मांडली: बशीत वाढवलेल्या बुरशीत विष सापडलं एवढ्याने भागत नाही, ते आजारी झाडाच्या आत सापडलं पाहिजे. मद्रास विद्यापीठात टी. एस. सदाशिवन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कपाशीच्या मरीवर काम करताना ते आजारी झाडाच्या आत दाखवून दिलं. हे आम्ल लोहासारख्या धातूंना धरून बसतं आणि पेशींची पटलं सच्छिद्र करतं हेही पुढे आलं. आपल्या देशातल्या एका प्रयोगशाळेचं हे काम. पाठ्यपुस्तकात मला याची एक ओळही भेटली नव्हती, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरल्या आहेत. पाणी कमी पोचायला लागलं की झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार करतं आणि पर्णरंध्रं मिटून घेतं. दार लावलं की पाण्याची उधळण थांबते, पण त्याच दारातून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत असतो. तोही थांबतो. पान हिरवं असूनही उपाशी राहतं. ते जेवण बनवत नाही म्हणून मुळांना साखर जात नाही, मुळं नवी वाढ करत नाहीत, आणि पाणी आणखी कमी होतं. वाफ थांबली की पानाचा गारवाही जातो. निरोगी पान भर उन्हात स्वतःला घामाने थंड ठेवतं. आजारी पान तापतं. उष्णतेची छायाचित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात हा ताप डोळ्यांना कोमेजणं दिसण्याच्या आधी टिपता येतो. तोवर विष पेशींची पटलं पोखरतं. मग दारं बंद असूनही पाणी पटलांतून गळतं. त्यात इथिलीन वाढतं, म्हातारपणाचा तो वायू, आणि खालची पानं वेळेआधी पिकून झडतात.

फुलाच्या वाट्याला काय येतं हे सांगायला मी मुद्दाम एवढा वेळ घेतला. कारण फुलझाडात आपण पान कुठे बघतो?

कळी उमलते म्हणजे पाकळ्यांत नव्या पेशी तयार होतात असं मला आधी वाटायचं. शेवटच्या टप्प्यात तसं नसतं. पेशी असतात तेवढ्याच असतात, त्या फुगतात. त्यांच्यात साखर वाढते, साखरेच्या ओढीने पाणी आत येतं आणि पाकळी ताणली जाते. उमलणं हे सगळं पाण्याचं काम आहे. अ‍ॅस्टरचं एक फूल म्हणजे बारीक बारीक अनेक फुलांची भरलेली परडी, बाहेरच्या ओळीपासून आतल्या ओळीकडे उमलत जाणारी. आजारी झाडावर बाहेरची एखादी ओळ उमलायची आणि काम तिथेच थांबायचं. मध्ये हिरवट पिवळी, घट्ट मुठीसारखी कळी तशीच. काही फुलं एका अंगाने उमललेली, दुसऱ्या अंगाने मिटलेली, आणि देठ मिटलेल्या अंगाकडे कलता. एका बाजूची वाढ थांबली आणि दुसरी चालू राहिली की देठ असाच वाकणार. कार्नेशनमध्येही हेच होतं, मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्यांना ती वाकडी मान लांबून ओळखू येते.

घटस्थापनेच्या आधी दोन दिवस आम्ही जेवढं निघेल तेवढं तोडलं. आई जुड्या बांधत होती. अर्धवट उमललेलं फूल ती जुडीच्या आत घालायची नाही, बाजूला ठेवायची. बाजूचा ढीग जुड्यांपेक्षा मोठा झाला तेव्हा ती काही न बोलता उठली आणि तो ढीग गोठ्याकडे घेऊन गेली. आबांनी मग एका दुकानातून आळवणीचं औषध आणलं होतं. एव्हाना बुरशी नळीच्या आत होती. बुडाशी ओतलेलं औषध तिच्यापर्यंत पोचायला जी वाट लागते ती वाटच बंद होती.

कार्नेशनवर नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात आर. पी. बायेन यांनी केलेलं काम मी एमएस्सीला वाचलं. त्यांनी रोगाला बळी पडणाऱ्या आणि तग धरणाऱ्या जातींची खोडं कापून पाहिली. तग धरणाऱ्या जातीतही बुरशी शिरते. ती जात लगेच त्या नळ्यांमध्ये डिंक भरते आणि तो भाग कोंडून टाकते. नंतर ती जे करते ते वाचून मी वाचनालयात कितीतरी वेळ बसून राहिले. कोंडलेल्या भागाच्या भोवतीच्या जिवंत पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि नव्या जलवाहिन्या तयार करतात. बुजलेल्या रस्त्याला वळसा घालून नवा रस्ता. दोन्ही जातींकडे हत्यार जवळपास सारखंच, फरक वेळेचा.

आपण फुलझाडं निवडली ती पाकळ्यांवरून. रंग, आकार, देठाची लांबी, फुलदाणीत टिकणं. मुळाकडे आणि खोडाच्या आत कोणी बघायचं? शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुडातून फुटलेली रोपं, आपण शेजाऱ्याकडून आणतो तेव्हा वरून टवटवीत दिसणारी काशी आतून बुरशी घेऊन येऊ शकते, कारण थंड दिवसांत लागण असूनही झाड महिनोन्‌महिने लक्षण दाखवत नाही. माती २५ ते ३० अंशांवर गेली की मग एकदम. शेवंती दिवाळीपर्यंत छान होती आणि उन्हाळ्यात अचानक गेली असं लोक म्हणतात. अचानक काही नसतं.

उपायांबद्दल मी थोडक्यात सांगेन, कारण त्यांतला एकही मेलेलं झाड उठवत नाही. आजारी झाड दिसताच मुळासकट, भोवतीच्या मातीसकट पिशवीत घालून बाहेर काढायचं. त्या सरीचं पाणी पुढे सोडायचं नाही. अवजारं धुवायची. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून ते लावणीआधी घालायचं. अमोनियाचं नत्र या बुरशीला मानवतं, नायट्रेटचं मानवत नाही, आणि आम्ल जमिनीत चुन्याने सामू साडेसहा-सातपर्यंत आणला तर तिचा जोर कमी होतो. हे फ्लोरिडातल्या शेवंती आणि अ‍ॅस्टरवर तपासलेलं आहे. आमची जमीन मुळातच चुनखडीची, तिथे चुना घालण्यात अर्थ नाही. इस्राएलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडक उन्हात महिना-दीड महिना ठेवलं तर वरच्या थरातली बुरशी बरीच मरते. एप्रिल-मेचं आमचं ऊन त्याला पुरेपूर आहे. आणि बेवड. या एका मराठी शब्दात आधीच्या पिकाने जमिनीचं काय केलं याची सगळी जाण आहे, तरी फूल चांगलं झालं की त्याच तुकड्यात परत फूल लावायचा मोह कोणाला सुटलाय? आम्ही त्या कोपऱ्यात सलग चौथ्या वर्षी अ‍ॅस्टर लावला होता.

तुरीवरच्या मरीचं कारण फ्युजॅरियमचीच एक बुरशी आहे हे एडविन बटलर यांनी बिहारमधल्या पुसा इथे काम करून १९१० मध्ये सविस्तर मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिनला एल. आर. जोन्स कोबीच्या एका मेलेल्या शेतात हिंडत होते. सगळं शेत पिवळं पडून गेलेलं आणि त्यात इथे एक, तिथे एक गड्डा उभा. त्यांनी ते उभे गड्डे उचलले, त्यांचं बी धरलं आणि ते परत तशाच आजारी जमिनीत लावलं. मरीला तोंड देणारी कोबीची जात त्यातून निघाली. आपल्याकडे तुरीच्या जाती अशाच मरग्रस्त प्लॉटमध्ये पारखून काढतात. बदनापूरची बीएसएमआर ७३६ घेतलेल्या शेतकऱ्याला तिचं मोल विचारावं. अ‍ॅस्टरच्या चांगल्या जाती आमच्या जवळच, पुण्यात गणेशखिंडीच्या संशोधन केंद्रातून आल्या, 'फुले गणेश' या नावाच्या, पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या. पाटाच्या तोंडाच्या आमच्या कोपऱ्यात कोणतं झाड उभं राहील, हे मात्र तो कोपराच सांगू शकत होता.

त्या वर्षानंतर आबांनी तिथे अ‍ॅस्टर लावला नाही. बाजरी केली, कांदा केला, दोन वर्षं गुलछडी होती. सहाव्या वर्षी, लागवड नसताना, पडलेल्या बियातून एक जांभळं रोप त्या कोपऱ्यात आपोआप आलं. आईने ते खुरपताना ठेवलं. आबा रोज जेवायच्या आधी, ऊन डोक्यावर असताना, तिथे जाऊन उभे राहायचे. "बघून येतो," एवढंच म्हणायचे. ते रोप भर दुपारी ताठ राहिलं. त्याला नऊ फुलं आली, सगळी पूर्ण गोल उमललेली. आबांनी एकही तोडू दिलं नाही. फुलं झाडावरच वाळली, त्यांचा म्हातारीसारखा कापूस झाला, तेव्हा आबांनी बिया वर्तमानपत्राच्या कागदात उतरवून घेतल्या, पुडीवर तारीख घातली आणि पुडी देवघराच्या फळीवर ठेवली.

मी त्यांना सांगितलं की एका झाडावरून काही ठरत नाही. ते झाड खरंच तग धरणारं असेल, किंवा बुरशी त्याच्या मुळापर्यंत पोचलीच नसेल. हे कळायचं तर बी त्याच जागी लावावं लागेल, वाईटात वाईट जागी. अ‍ॅस्टर बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे आईचा गुण लेकरांत उतरायची आशा असते. आबा म्हणाले, "मग तिथंच लावू. मरायचं ते तिथं मरू दे."

या जूनमध्ये बी टाकलं. जुलैत पाटाच्या तोंडाशी शंभर रोपं लावली, प्रत्येकाला स्वतंत्र आळं, एकाचं पाणी दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. पाणी आई तांब्याने घालते. गणपती झाले, ऊन पडायला लागलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी एकला आबांचा फोन येतो. त्या वेळी ते शेतातच असतात, कारण मोजायची ती वेळ आहे.

काल फोन आला तेव्हा मी ताटावरून उठून गॅलरीत गेले. पलीकडे वारा होता आणि आईचा आवाज, ती बहुधा दुसऱ्या टोकाकडून मोजत होती.

"चौसष्ट हुबी हायती," आबा म्हणाले. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता चालण्याचा आवाज. "न्हाय, थांब. हिकडच्या वळीतल्या एकाची मान जरा... थांब, परत मोजतो."